इम्प्लांटभोवतीच्या सुजेवरचे ‘इम्यून’ उपचार: सोलापुरात मिळणारं कोटेशन कसं वाचावं

निकाल आधीच सांगून टाकू. दाताच्या इम्प्लांटभोवतीची, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाभोवतीची हिरडी सुजली, ब्रश लावला की रक्त येतंय, दाबलं की पू येतोय, अशी तक्रार घेऊन गेलं की हल्ली हातात पडणाऱ्या कोटेशनमध्ये सफाईच्या खाली चार-पाच ओळी जादा असतात. पीआरएफ (स्वतःच्याच रक्तापासून बनवलेला पडदा), डॉक्सीसायक्लीनचा लांबलचक कोर्स, हिरडीत ठेवायची औषधाची चिप किंवा तंतू, हायल्युरॉनिक जेल, ओमेगा-३, प्रोबायोटिक गोळ्या, आणि जमलं तर लेसर. या सगळ्याला ‘इम्यून थेरपी’ किंवा ‘होस्ट मॉड्युलेशन’ असं भारदस्त नाव. यातल्या एक-दोन गोष्टी खरंच कामाच्या आहेत, एक-दोन निरुपद्रवी, बाकीच्या बिल फुगवणाऱ्या. सगळ्यात वरची जी साधी ओळ असते, कॅप (वरचा कृत्रिम दात) काढून इम्प्लांट स्वच्छ करणे, तिच्यावर सगळं अवलंबून आहे. कमी करायचंच असेल तर खालून कमी करा, वरून नको.

इम्यून उपचारांची कल्पना मुळात चुकीची नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंचं एक आवरण असतं. त्यातून रक्तपुरवठा होतो, आणि हिरडीचे तंतू मुळात आडवे घुसलेले असतात. इम्प्लांटला यातलं काही नाही. टायटॅनियम थेट हाडाला चिकटलेलं, आणि हिरडीचे तंतू त्याला समांतर, नुसते लगटून उभे. जंतूंचा थर खाली सरकू लागला की त्याला अडवणारं फारसं काही उरत नाही. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी इम्प्लांटची गंभीर सूज असलेल्या ४० आणि पायोरियाच्या ४० पेशंटच्या हिरडीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिले. इम्प्लांटभोवतीचा सुजेचा पट्टा पायोरियाच्या दुपटीहून मोठा निघाला, आणि त्यात प्लाझ्मा पेशी, मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल या प्रतिकारशक्तीच्या पेशींची दाटी जास्त होती. जंतू सुरुवात करून देतात, हाड झिजवतात त्या आपल्याच पेशी. न्यूट्रोफिलमधून एमएमपी-८ नावाचं कोलॅजन तोडणारं एन्झाइम सुटतं, आणि हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना चालना मिळते. इम्प्लांटवरून सुटलेले टायटॅनियमचे बारीक कणही मॅक्रोफेजना चिथावतात.

मग प्रतिकारशक्तीचा हा अतिरेकच आवरला तर? तर्क बरोबर आहे, पण इम्प्लांटच्या स्क्रूसारख्या आट्यांमध्ये जंतूंचा थर जोवर बसलेला आहे तोवर पेशींना तिथे येण्याचं कारण संपत नाही. म्हणून सफाईशिवाय दिलेली कोणतीही इम्यून थेरपी फुकट.

तपासणी: इथेच दवाखान्याची पारख होते

सुजेच्या दोन पायऱ्या आहेत. सूज फक्त हिरडीत असेल, हाड शाबूत असेल तर तो म्युकोसायटिस. तो नीट सफाईने बहुतेक आटोक्यात येतो, त्याला कुठल्याही पॅकेजची गरज नाही. हाड खाली गेलं असेल तर पेरी-इम्प्लांटायटिस. दोन्हींतला फरक नुसतं बघून कळत नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, इम्प्लांटच्या सहा बाजूंनी हलक्या हाताने घालावी लागते. दाब साधारण २०-२५ ग्रॅमचा, त्याहून जास्त नको. काही दवाखान्यांत अजूनही ‘इम्प्लांटला प्रोब लावायची नसते’ असं सांगतात. ते जुनं झालं. कॅप बसवल्यावर पहिल्या तीन महिन्यांत हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीची खोली मोजून लिहून ठेवायची आणि पुढे दर वेळी त्याच आकड्याशी ताडायची, हीच आता रीत आहे.

जुनी नोंद नसेल तर काय? २०१७च्या जागतिक कार्यशाळेत ठरलेले आणि २०१८ साली छापून आलेले निकष त्यासाठी आहेत: रक्त किंवा पू, सोबत ६ मिमी किंवा जास्त खोली, आणि हाड इम्प्लांटच्या हाडातल्या भागाच्या वरच्या टोकापासून ३ मिमी किंवा जास्त खाली. हे तिन्ही एकत्र असतील तर पेरी-इम्प्लांटायटिस.

एक्स-रे मोठा, अख्ख्या जबड्याचा काढला म्हणजे काम झालं असं नाही. लागतो तो छोटा, तोंडात फिल्म ठेवून सरळ कोनात काढलेला. तो बरोबर आला की नाही हे पेशंटलाही ओळखता येतं. इम्प्लांटच्या दोन्ही कडांचे आटे करवतीच्या दातांसारखे स्वच्छ दिसले पाहिजेत. एका बाजूने धूसर झाले असतील तर कोन चुकला, आणि मग हाडाची पातळीही खोटी दिसते. आटे नीट दिसले की मोजमाप सोपं आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात दोन आट्यांमधलं अंतर दिलेलं असतं. ते ०.८ मिमी असेल आणि हाडाबाहेर चार आटे उघडे दिसत असतील, तर हाड साधारण ३.२ मिमी गेलं. वर्षापूर्वीचा एक्स-रे शेजारी धरला की वेग कळतो, आणि उपचार ठरवताना वेग हीच खरी बातमी.

प्रोब न लावता, छोटा एक्स-रे न काढता मोबाइलवर फोटो बघून कोणी ‘इम्यून पॅकेज’ सांगत असेल तर उठून यावं. हिरडीतल्या द्रवातलं एमएमपी-८ मोजणारी पट्टीची चाचणीही निघाली आहे. २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर आलं की ती पॉझिटिव्ह धरतात. हौस म्हणून ठीक. प्रोब लावल्यावर रक्त येतंय आणि हाड जातंय हे दिसत असताना पट्टीने नवीन काही सांगितलं जात नाही.

पहिली ओळ: कॅप काढून सफाई

कॅप स्क्रूवर बसवलेली असेल तर वरचं भोक उघडून आतली टेफ्लॉनची पट्टी काढतात आणि स्क्रू सोडवतात. इथे पहिली अडचण येते ती ड्रायव्हरची. षटकोनी ड्रायव्हर १.२ मिमीचाही असतो आणि १.२७ मिमीचाही, चुकीचा घातला की स्क्रूचं डोकं घासतं आणि दहा मिनिटांचं काम दोन तासांवर जातं. म्हणून इम्प्लांट बसवताना मिळालेलं कंपनीचं स्टिकर किंवा कार्ड, ज्यावर नाव, व्यास, लांबी आणि लॉट नंबर असतो, ते आधार कार्डाइतकं जपून ठेवायचं. पुण्या-मुंबईत किंवा हैदराबादला इम्प्लांट बसवून आलेल्यांकडे बहुधा हेच नसतं, आणि मग इथल्या डॉक्टरला नुसत्या एक्स-रेवरून कंपनी ओळखत बसावं लागतं. बसवलेल्या दवाखान्याला फोन करून स्टिकरचा फोटो मागवा. नोंद तिथे असायला हवी.

कॅप सिमेंटने चिकटवलेली असेल तर संशय आधी सिमेंटवर घ्यायचा. हिरडीखाली उतरलेला सिमेंटचा बारीक कण जंतूंना बसायला जागा देतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुजलेल्या इम्प्लांटांपैकी ८१ टक्क्यांभोवती जादा सिमेंट सापडलं, आणि ते काढल्यावर त्यातल्या जवळपास तीन-चतुर्थांश इम्प्लांटांची लक्षणं गेली. म्हणजे ज्याला ‘इम्यून थेरपी’ विकली जाणार होती, त्याला खरं तर बारीक कण काढणारा हात हवा होता.

सफाईला साधं लोखंडी स्केलर टोक नको. ते टायटॅनियमवर ओरखडे काढतं आणि कण सोडतं. ‘पीक’ नावाच्या प्लास्टिकचं टोक, टायटॅनियमचं क्युरेट (खरवडायचं हत्यार), किंवा पावडरचा फवारा चालतो. पावडर कोणती हेही विचारा. ग्लायसीन किंवा एरिथ्रिटॉल हवी. एरिथ्रिटॉलचे कण १४ मायक्रॉनच्या आसपास असतात आणि पृष्ठभाग राखतात. दातांवरचे डाग काढायची सोडियम बायकार्बोनेट पावडर त्या मानाने खरखरीत, ती इम्प्लांटला नको. फवाऱ्याची नळी एका बाजूला साधारण पाच सेकंद, सतत हलती. एकाच जागी दाबून धरली तर हवा हिरडीत शिरून गाल फुगू शकतो. घाबरण्यासारखं दिसतं, बहुतेक वेळा आपोआप उतरतं, पण ते होऊ न देणं हीच कारागिरी.

शेवटी कॅप परत बसवताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोराने आवळणारा पाना लागतो. कंपनीप्रमाणे बहुधा ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर. नुसत्या बोटांनी आवळून पाठवलं तर स्क्रू ढिला होतो, फटीत पुन्हा जंतू, पुन्हा सूज.

यानंतर ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडोंटॉलॉजीच्या २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खोली ५ मिमीच्या आत, रक्त जास्तीत जास्त एका जागी आणि पू अजिबात नाही, एवढं साधलं की पुरे. नाही साधलं तर हिरडी उघडून शस्त्रक्रिया. त्याच तत्त्वांमध्ये नुसत्या सफाईसोबत सरसकट अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नयेत असंही सुचवलं आहे. आपल्याकडे अमॉक्सिसिलीन आणि मेट्रोनिडॅझोलची जोडी सुजलेल्या हिरडीला प्रसादासारखी वाटली जाते. ताप असेल, गाल सुजला असेल तर गोष्ट वेगळी.

पीआरएफ: कामाचं, पण कधी?

पीआरएफ म्हणजे प्लेटलेटनी भरलेली फायब्रिनची जाळी, तीही पेशंटच्याच रक्ताची. फ्रान्समध्ये शुक्रून या डॉक्टरांनी २००१ साली ही पद्धत मांडली. जाळीत प्लेटलेटसोबत पांढऱ्या पेशीही अडकतात, आणि त्यांतून आठवडाभर किंवा जास्त काळ वाढीचे घटक हळूहळू सुटत राहतात. कोटेशनमधल्या ‘इम्यून’ ओळींमध्ये त्यातल्या त्यात सार्थ ओळ ही.

मात्र ती शस्त्रक्रियेची जोडीदार आहे. हिरडी न उघडता, वरून पीआरएफ ‘इंजेक्ट’ करून इम्प्लांटची सूज जाते असं कोणी सांगत असेल तर पैसे खिशातच ठेवा. हिरडी उघडून आटे स्वच्छ केले, हाडात वाटीसारखा खड्डा निघाला, त्यात हाडाची पावडर भरली आणि वरून पीआरएफचा पडदा घातला, तर हिरडी सांधायला आणि दुखणं कमी व्हायला मदत होते. हाड सरसकट सपाट खाली गेलं असेल, चारही बाजूंनी भिंतच उरली नसेल, तर भरलेलं काही टिकत नाही. अशा वेळी पीआरएफची ओळ शोभेची.

पीआरएफ कसं बनवतात हे पेशंटने डोळ्यांनी बघावं. लपवण्यासारखं त्यात काही नसतं. एका इम्प्लांटला साधारण दोन ते चार ट्यूब रक्त, प्रत्येकी ९-१० मिली. ट्यूब साध्या लाल टोपीच्या, आत रक्त गोठू न देणारं काहीही नको. जांभळ्या टोपीची ईडीटीए ट्यूब किंवा निळ्या टोपीची सायट्रेट ट्यूब वापरली तर गाठ बनतच नाही, आणि पिवळ्या टोपीत तळाला जेल असतं म्हणून तीही नको. रक्त काढल्यापासून मिनिट-दोन मिनिटांत सेंट्रिफ्यूज सुरू झालं पाहिजे. ‘लॅबमधून काढून आणा’ हा प्रकार इथे चालत नाही. सात रस्ता चौकातून सिग्नल पार करून येईपर्यंत ट्यूबमध्ये लालभडक गोळा तयार. मूळ पद्धतीत २७०० फेरे, १२ मिनिटं. पण फेऱ्यांच्या आकड्याला एकट्याला अर्थ नाही, कारण रोटर केवढा आहे त्यावर प्रत्यक्ष जोर ठरतो. छोट्या रोटरच्या मशीनला २७०० लावले तर जोर कमी पडतो. डॉक्टरला ‘किती जी?’, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर, असं विचारा; साधारण ४०० असं उत्तर आलं तर माणसाने अभ्यास केलेला आहे. मध्येच लाइट गेली तर ती फेरी वाया. म्हणून सेंट्रिफ्यूज इन्व्हर्टरवर आहे ना, हेही बघून घ्या.

ट्यूब बाहेर आली की तीन थर दिसतात. तळाला गडद लाल, वर पेंढ्याच्या रंगाचं पाणी, आणि मध्ये फिकट पिवळी, जेलीसारखी, चिमट्याने उचलली की न तुटता लोंबणारी गाठ. लाल भाग कापताना किंचित लाल ठेवायचा, कारण प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी त्या सीमेवरच जास्त असतात. मग ती गाठ खास डबीत जाळीखाली हळू दाबून पातळ पडदा करतात. गॉजमध्ये पिळून काढली तर निम्मा माल गॉजमध्येच राहतो. गाठ भुसभुशीत निघाली, चिमट्यात येईना, तर रक्त उशिरा फिरवलं, ट्यूब चुकीची होती किंवा पेशंट रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो. वॉर्फरिनसारखी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. फिरवण्याचा वेळ वाढवावा लागतो, आणि गोळी बंद करायची की नाही हे तुमच्या हृदयाच्या डॉक्टरने ठरवायचं, दाताच्या नाही.

एक गोष्ट सोलापुरात आवर्जून विचारली जाते आणि तिचं उत्तर सरळ मिळालं पाहिजे: हाडाची पावडर कशाची आहे? जास्त वापरली जाणारी पावडर गायीच्या हाडाची असते, कोलॅजनचे पडदे बरेचदा डुकराच्या कातडीचे, आणि भारतात मिळणाऱ्या काही चिप माशाच्या कोलॅजनच्या. एमडोगेन नावाचं जेल डुकराच्या दातांपासून काढतात. घरात शाकाहार पाळला जात असेल किंवा धर्माने यातलं काही चालत नसेल तर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नव्हे, कोटेशनच्या वेळीच बोला. कृत्रिम कॅल्शियम-फॉस्फेटची पावडर हा पर्याय असतो, आणि पीआरएफ तर स्वतःचंच रक्त. संमतीपत्रावर ‘बोन ग्राफ्ट’ एवढंच लिहून भागवणारा दवाखाना आमच्या नजरेत एक पायरी खाली जातो.

डॉक्सीसायक्लीन: २० की १००?

खरी गंमत इथे आहे. डॉक्सीसायक्लीन आपण अँटिबायोटिक म्हणून ओळखतो, पण २० मिग्रॅ दिवसातून दोनदा एवढ्या लहान मात्रेत ते जंतू मारत नाही. कोलॅजन तोडणाऱ्या एन्झाइमना आवरतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९९८ साली याच मात्रेला पायोरियाच्या सफाईसोबत वापरायला मान्यता दिली. हाडाभोवतीच्या सुजेत पेशंटच्या बाजूने काम करणारं, गोळीच्या रूपातलं एवढंच औषध पायोरियासाठी रीतसर मंजूर झालं. इम्प्लांटसाठी ते मंजूर नाही. तिथे डॉक्टर स्वतःच्या निर्णयाने वापरतो, आणि तसं त्याने सांगायला हवं.

घोटाळा मेडिकलमध्ये होतो. सिव्हिल चौकातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये डॉक्सी मागितलं की सहज हाती येते ती १०० मिग्रॅची. ती अँटिबायोटिकची मात्रा. तीन महिने ती खात राहिलात तर तोंडातले-पोटातले जंतू औषधाला सरावतात, आणि कॅप्सूल फोडून पाच भाग करणं हा तर वेडेपणाच. चिठ्ठीवर २० लिहिलं असेल तर २०च मागवून घ्या, मिळत नसेल तर डॉक्टरला परत विचारा.

घेताना भरपूर पाणी, बसून किंवा उभ्याने. आडवं पडून घेतली तर अन्ननलिकेत अडकून जळजळते. जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनी. दूध, अँटासिड, लोहाच्या गोळ्या सोबत नकोत, औषध शोषलं जात नाही. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना अजिबात नाही. आणि उन्हात त्वचा पटकन भाजते, हे सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये विसरून चालणार नाही. दुपारी रस्त्यावर काम असणाऱ्याने हा कोर्स पावसाळ्यापर्यंत ढकलावा, असं आमचं स्पष्ट मत.

चिप आणि तंतूंचं थोडक्यात. क्लोरहेक्सिडीनची चिप २.५ मिग्रॅची, ४ बाय ५ मिमीची. हिरडीत सरकवली की आठवडा-दहा दिवसांत विरघळते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या २९० पेशंटच्या चाचणीत दर दोन आठवड्यांनी, असे बारा आठवडे चिप ठेवल्या. खोली चिपवाल्यांत १.७६ मिमीने उतरली, नुसत्या वारंवार सफाईवाल्यांत १.५४ मिमीने. फरक ०.२२ मिमी. म्हणजे मुख्य काम दर दोन आठवड्यांच्या सफाईनेच केलं. चिपची ओळ बिलात एकदाच असेल तर काढून टाका, त्याऐवजी सफाईच्या दोन भेटी जास्त मागा. टेट्रासायक्लीन भरलेले कोलॅजनचे तंतूही मिळतात. तेही डॉक्सीच्याच कुळातले, म्हणून एन्झाइमवर थोडा परिणाम करतात. खोल एकाच खड्ड्यात एखादवेळ ठेवायला हरकत नाही.

बाकीचं झटपट. हायल्युरॉनिक जेल शस्त्रक्रियेनंतर जखमेला बरं वाटतं, पण त्याला इम्यून थेरपी म्हणणं म्हणजे हळदीच्या दुधाला सलाइन म्हणण्यासारखं. लॅक्टोबॅसिलस रुटेरीच्या चघळायच्या गोळ्यांचे निकाल संमिश्र. ओमेगा-३ घ्यायचंच असेल तर बाटलीवर ईपीए आणि डीएचए किती मिग्रॅ ते वाचा, नुसतं ‘फिश ऑइल १०००’ नव्हे. जवसाची चटणी रोज खाता म्हणून चालेल का? चवीला चालेल. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं असतं आणि शरीर त्यातलं फार थोडं ईपीए-डीएचएमध्ये बदलतं. लेसरला नेहमीच्या सफाईपेक्षा ठोस जास्त फायदा दिसलेला नाही. मशीन दवाखान्यात आहे म्हणून ते तुमच्यावर वापरलंच पाहिजे असं नाही.

‘बायोलॉजिक’ इंजेक्शन: अजून वेळ आहे

इम्यून उपचार हा शब्द खऱ्या अर्थाने ज्यांना शोभतो ती औषधं वेगळीच. एएमवाय-१०१ हे त्यातलं एक. ते रक्तातल्या कॉम्प्लिमेंट साखळीतला, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांच्या साखळीतला, सी३ हा दुवा रोखतं. ४० जणांच्या प्राथमिक चाचणीत आठवड्याच्या अंतराने तीन वेळा हिरडीत सूक्ष्म मात्रेत टोचलं, आणि हिरडीची सूज तीन महिन्यांपर्यंत उतरलेली राहिली. ते साध्या हिरडीच्या सुजेवर होतं, इम्प्लांटवर नव्हे. २०१७ साली पांढऱ्या पेशींच्या एका दुर्मिळ जन्मजात दोषाच्या पेशंटमध्ये आयएल-१२ आणि आयएल-२३ हे सूज वाढवणारे रेणू रोखणाऱ्या उस्टेकिनुमॅबने हिरडीची हट्टी सूज आटोक्यात आली. रस्ता खरा आहे, हे यावरून कळतं. पण इम्प्लांटच्या सुजेसाठी मंजूर झालेलं एकही बायोलॉजिक औषध बाजारात नाही. कोणी देऊ केलं तर नाही म्हणा. टीएनएफ हा सूज वाढवणारा आणखी एक रेणू; तो रोखणाऱ्या औषधांनी दबलेला क्षय उफाळतो, म्हणून संधिवातासाठीही ती देण्याआधी क्षयाची तपासणी करतात. एका इम्प्लांटसाठी ही जोखीम घ्यायची कारणच नाही.

उलट बाजू जास्त महत्त्वाची. संधिवात किंवा सोरायसिससाठी अशी इंजेक्शनं, मेथोट्रेक्सेट किंवा स्टेरॉइड आधीच चालू असतील, हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब घेतलं असेल, तर दाताच्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगा. शेवटच्या दोन औषधांमध्ये शस्त्रक्रियेनंतर जबड्याचं हाड मरण्याचा धोका असतो. आणि यातलं काहीही स्वतःहून थांबवू नका.

प्रतिकारशक्तीला फुकटात शिस्त लावणाऱ्या दोन गोष्टी कोटेशनमध्ये कधीच लिहिलेल्या नसतात. साखर आणि तंबाखू. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) ९ असताना पीआरएफचे चार पडदे घातले तरी उपयोग नाही. ते आधी ७च्या आसपास आणा, शस्त्रक्रिया तोवर थांबू शकते. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त कमी येतं आणि ‘माझं तर काहीच सुजलं नाही’ असा भ्रम होतो, आतमध्ये हाड चाललेलं असतं. मिश्री लावणाऱ्या बाईला डॉक्टर तंबाखूबद्दल विचारतात तेव्हा ती नाही म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. प्रश्न मिश्रीचं नाव घेऊनच विचारला पाहिजे. आणि मावा-गुटख्याने तोंड उघडणं कमी झालेल्या माणसाचा प्रश्न वेगळाच: तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर मागच्या दाढेच्या जागी ना ड्रायव्हर सरळ जातो, ना ब्रश. अशाला मागे इम्प्लांट बसवायलाच नको होतं.

शस्त्रक्रिया झाली तर टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद. चटणीतले शेंगदाण्याचे कण टाक्यांखाली जाऊन बसतात आणि जखम उघडते. ताक-भात, आंबील, कोमट आमटीत कुस्करलेली मऊ भाकरी चालते. क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के, १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. पेस्ट लावल्यानंतर अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर पेस्टमधला फेस त्याचा असर मारतो. पुढे घरी दातांमधला छोटा ब्रश वापराल तो तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेला घ्या. दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, वर्षाच्या पुढे कधीच नाही. जानेवारीत गड्ड्याची जत्रा आणि मेमध्ये लग्नसराई, म्हणून तारखा पुढे ढकलत नेणाऱ्यांची सूज परत येते, यात नवल नाही.

मोठी शस्त्रक्रिया सांगितली असेल तर दुसरं मत घ्या. केगावच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. जुने सगळे एक्स-रे आणि स्टिकर सोबत न्या, नाहीतर तिथेही पहिल्यापासून सुरुवात.

आणि इम्प्लांट हलत असेल, कॅप किंवा स्क्रू नव्हे, खुद्द इम्प्लांट, तर वरच्या एकाही ओळीचा उपयोग नाही. हाडाची पकड सुटली की ती कोणत्याही जेलने, गोळीने किंवा पडद्याने परत येत नाही. आधी स्क्रू आवळून खात्री करून घ्या, कारण ढिला स्क्रूही तसाच हलतो. तरीही हलत असेल तर उलट्या दिशेने फिरवणाऱ्या रेंचने तो काढून टाकणं हाच उपचार. हाड अजिबात न कापता बहुधा निघतो. मग तीन-चार महिने हाड भरू द्यायचं, आणि नवीन बसवायचा की नाही हे तेव्हाची साखर, तेव्हाची तंबाखू आणि तेव्हाचा एक्स-रे बघून ठरवायचं. नव्या वेळी मात्र कॅप स्क्रूवरचीच मागा.